वाघरीतले शब्द

आमच्या घरात भांडण मिटवायला शेजारी येत नसत, पुस्तक यायचं. माळेगावातलं आमचं दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली स्वयंपाकाची, आणि तिच्या फडताळात लोणच्याच्या बरणीशेजारी अण्णांचे सात कोश. अण्णा म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात टाइमकीपर. शब्दावरून वाद निघाला की ते जेवता जेवता डावा हात मागं करून न बघता नेमका हवा तो कोश ओढत. एकदा माडगं म्हणजे नक्की काय, यावर गाडी आली. अण्णांनी वाचून दाखवलं की हुलग्याच्या पिठाची पातळ पेज. चुलीवर त्या क्षणी माडगंच रटरटत होतं आणि ते ढवळणारी आत्या पाठ न वळवता म्हणाली, "पेज? पुस्तकाच्या घरी माडगं करता येत न्हाय वाटतं." अण्णांनी कोश मिटला. त्या घरात कोशापेक्षा वरचं कोर्ट आत्याचं होतं, पण हे अण्णांना पुरतं कळायला पुढचा प्रसंग घडावा लागला, आणि तो माझ्या मूर्खपणामुळं घडला, म्हणून तो सांगायचा हक्क माझा.

कोश म्हणजे एकाच जातीचं पुस्तक असतं, असं मला लहानपणी वाटे. अण्णांचे सात मात्र सात स्वभावांचे होते. एक जाडजूड मराठी, अर्थ सांगून झाल्यावरही बोलत राहणारा, लग्नात भेटणाऱ्या थोरल्या मामासारखा. एक इंग्रजी-मराठी, त्याची पहिली पानं गेलेली, त्यामुळं आमच्या घरी इंग्रजी 'बी'पासून सुरू व्हायचं. मी बारावीला रसायनशास्त्रात नापास झाले त्याचं खापर बरीच वर्षं त्या पानांवर फोडलं. एक समानार्थी शब्दांचा, एक वाक्प्रचारांचा, एक सरकारी कचेरीतल्या शब्दांचा. एक यमकांचा, ज्यात शब्द शेपटीकडून लावलेले. आणि एक खगोलशास्त्राच्या परिभाषेचा. त्यातला एकही शब्द आमच्या घरात कधी लागला नाही, तरी अण्णा त्याच्यावरची धूळ सगळ्यांत आधी पुसत. 'याला आपल्याकडं काम नाही, म्हणून त्याला वाईट वाटू नये,' म्हणत. शब्दाच्या मुळाशी जाणारा व्युत्पत्तिकोश मात्र आमच्याकडं नव्हता. तो बारामतीच्या वाचनालयात होता आणि घरी न्यायला मनाई होती. अण्णा सुटीच्या दिवशी सायकलवरून जाऊन तो तिथंच बसून वाचत. मी एकदा सोबत गेले. एका शब्दाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा, असं करत ते कुठल्या कुठं पोचलेले आणि चेहऱ्यावर असं काही, की मला वाटलं आता हे पायातल्या चपला काढतील. बघते तर काढलेल्याच होत्या.

या सातांतल्या एकातही त्यांचे स्वतःचे शब्द नव्हते. आमचं मूळ इंदापूर तालुक्यातल्या सणसरचं. आजोबांपर्यंत मेंढरं. वर्षातले आठ महिने खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, घेऊन फिरायचं, रात्री कुणाच्या तरी रानात जाळ्याची वाघूर उभी करून त्यात मेंढरं बसवायची, आणि सकाळी पुढं. मग रानोरान ऊस झाला, चरायला जागा उरेना, आजोबांनी खांड विकली. त्या दिवशी म्हणे अण्णांनी घरी येऊन जाडा कोश उघडला आणि मेंढरांच्या आजारांची, चालींची, रंगांची जी नावं त्यांना ठाऊक होती ती एकेक करून शोधली. चार-दोन सापडली. बाकीची नव्हती. मेंढरं तरी दुसऱ्या कुणाच्या वाघरीत गेली होती. शब्दांना जायला कुठलीच वाघूर नव्हती, आणि ही गोष्ट अण्णांना सहन झाली नाही. त्यांनी आठवा कोश स्वतः करायला घेतला.

त्यासाठी कागद आला कारखान्याकडून. उसाच्या वाहनाला वजनाची चिठ्ठी मिळे. छपाईत बिघडलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे टाकून देत, ते अण्णा साहेबांना विचारून घरी आणत. बैलगाडीची पांढरी, ट्रॅक्टरची गुलाबी, ट्रकची पिवळी. एका बाजूला गाडीचा प्रकार आणि रिकाम्या चौकटी, कोऱ्या बाजूला अण्णांचं अक्षर: वर शब्द, खाली अर्थ, मग बोलणाऱ्याच्या तोंडचं एक वाक्य, आणि तळाशी त्या माणसाचं नाव आणि गाव. एका चिठ्ठीवर एकच शब्द. लिहून झालं की त्याच माणसाला अर्थ वाचून दाखवायचा आणि त्यानं 'व्हय' म्हटल्याशिवाय चिठ्ठी पिशवीत टाकायची नाही. अण्णांनी अकरा वर्षं अशी काढली. सणसर, वडगाव निंबाळकर, पार भिगवणच्या पाण्यापर्यंत, जिथं मेंढपाळांचं बिऱ्हाड उतरल्याचं कळेल तिथं सायकल. घरात अशा चिठ्ठ्यांचे तीन पत्र्याचे डबे भरले होते.

आता आत्या. आत्या अण्णांची थोरली बहीण. ते तिला आक्का म्हणत, बाकी जग बायडाबाई. मी तीन महिन्यांची असताना आई गेली, आणि त्याच उन्हाळ्यात आत्याला मूलबाळ नाही म्हणून सासरच्यांनी परत पाठवलं. तिनं मला शेळीच्या दुधावर वाढवलं. तिला अक्षर येत नव्हतं आणि वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं. पण आजोबांची दीडशे-दोनशे मेंढरं संध्याकाळी वाघरीत शिरताना ती तोंडाशी उभी राही आणि शेवटी म्हणे, "कानतुटीच्या मागं असती ती आली न्हाय." कुणी मोजून बघे, तर एक कमी भरे. ही गोष्ट मी हजारदा ऐकली होती आणि हजारदा तिला हसले होते, कारण मला शंभरपर्यंत पाढे येत होते. बारावीला मात्र त्यांचा उपयोग झाला नाही.

मी नापास होऊन घरी बसले त्याच हंगामात पुण्याच्या एका संपादकांचं अण्णांना पत्र आलं. बोलीभाषांचे कोश छापणाऱ्या एका संस्थेत ते होते, दोन महिन्यांत निवृत्त होणार होते, आणि जायच्या आधी एक शेवटचा कोश पास करणार होते. पाहुण्यांकडं बारामतीला ते येतील त्या रविवारी चिठ्ठ्या बघायला आणाव्यात. अट एकच: सगळं अकारविल्ह्यानं लावलेलं असावं, म्हणजे अ-आ-इ, क-ख-ग अशा क्रमानं. अण्णांच्या नशिबात पुन्हा असं पत्र नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं. ते रोज ड्यूटीवर जाताना पत्र खिशात घालून नेत. चिठ्ठ्या लावायचं काम मला मिळालं. तीन आठवडे मी अंगणात, ओसरीत, जिथं जागा मिळेल तिथं रांगा लावल्या, प्रत्येक रांगेवर खडा ठेवला. 'क' तर नुसता संपेना. मी इतकी तोऱ्यात होते, की आत्या रांगेजवळून गेली तरी म्हणायचे, पाय जपून, ते तुझ्या कामाचं नाही.

बुधवारी दुपारी रांगा पुऱ्या झाल्या. आता नुसतं दोऱ्यात बांधायचं, एवढ्यात शेजारच्या रंजीनं हाक मारली. त्यांच्याकडं शिलाई मशीन आलं होतं. दोन मिनिटं म्हणून गेले आणि पायडल मारून बघण्याच्या नादात तास गेला. हंगामात आमच्याकडं वारं फिरलं की चिमणीतून उसाच्या चोथ्याची काळी राख येते, वाळत घातलेल्या धोतरावर पडते, भाकरीवर पडते. त्या दुपारी वारं फिरलं. आत्यानं बघितलं, भावाच्या अकरा वर्षांवर काजळी पडतेय. ती धावली आणि तिनं सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या. नुसत्या ओरबाडल्या नाहीत, नीट लावून गोळा केल्या. पांढऱ्यात पांढऱ्या, गुलाबीत गुलाबी, पिवळ्यात पिवळ्या. बैलगाड्या एकीकडं, ट्रॅक्टर एकीकडं, ट्रक एकीकडं. कारखान्याच्या दारात वर्षं काढलेल्या माणसाला याहून सरळ क्रम सुचणार नाही. मी परत आले तेव्हा तिन्ही डबे झाकणं लावून ओळीनं ठेवलेले आणि आत्या पदरानं तोंडावरची काजळी पुसत समाधानानं बसलेली. म्हणाली, "एक बी उडू दिली न्हाय."

मी डब्यात डोकावले, क-ख-ग सगळं गेलं होतं. मग रडले, आणि रडता रडता तिला नाही नाही ते बोलले. तू अडाणी, असंही म्हणाले. आज पन्नाशी ओलांडल्यावर हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण म्हणाले. आत्या रागावली नाही. तिनं फक्त विचारलं की हे मघाशी कसं लावलं होतं. मी सांगितलं. ती विचारात पडली. म्हणाली, "म्हंजी कोकरू आन् कुत्रं एका ठिकाणी, आन् कोकराची आय म च्या घरी? आगं, ते कसं ऱ्हाईल तितं?" मग म्हणाली, "तू वाच. मी लावते."

तीन दिवस उरले होते, हंगामाच्या डबल ड्यूटीमुळं अण्णा शनिवारपर्यंत कारखान्यातच मुक्कामाला होते, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर मनात असंही होतं, की शनिवारी अण्णा येऊन रागावले तर निदान दोघींवर रागावतील. आत्यानं माळ्यावरनं जुनं वाघरीचं जाळं काढलं. खांड गेली तरी ते तिनं ठेवलं होतं. ते उकलून लोकरीच्या दोऱ्या काढल्या आणि खोलीभर जमिनीवर त्यांची वर्तुळं केली. मी एकेक चिठ्ठी वाचायची, शब्द, अर्थ, वाक्य, आणि ती बोट करायची. जन्माच्या शब्दांची एक वाघूर. आजाराची एक. चालण्याची, म्हणजे रोजच्या वाटचालीत लागणारे शब्द. रंगांची आणि खुणांची. लोकर कातरायची. बिऱ्हाडाच्या सामानाची. एक नुसती हाकांची, जे शब्द माणसाशी बोलायचेच नसतात, फक्त मेंढरांशी. एक लहानशी, पुरुष समोर असताना बायका बोलत नाहीत त्या शब्दांची. तिच्यात अण्णांच्या हाताच्या दोनच चिठ्ठ्या पडल्या आणि त्यांचे अर्थ ऐकून आत्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. अण्णांना कुणीतरी लाजून भलतंच सांगितलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी आजाराची वाघूर भरली. आत्या वर्तुळाच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. मला म्हणाली, सगळ्या परत एकदा वाच. मी वाचल्या. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दोन आल्या न्हाईत." आणि तिनं दोन शब्द सांगितले. एक कोकराच्या तोंडात होणाऱ्या फोडांचा, एक पावसाळी गवतानं पोट फुगतं त्याचा. मी डबे पालथे केले. कुठल्याच चिठ्ठीवर ते नव्हते. अण्णांच्या अकरा वर्षांत ते नव्हते.

मला त्या वेळी जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्या रांगांत ते दोन शब्द नव्हतेच, पण ते नाहीत हे मला जन्मात कळलं नसतं. अकारविल्ह्यात एखादा आला नाही तर शेजारचे दोघं सरकून बसतात आणि जागा भरून जाते. आत्याच्या वाघरीत जागा तशीच राहते. न आलेल्याची जागा जिला दिसते, अशी बाई सतरा वर्षं माझ्या घरात भाकऱ्या थापत होती आणि मी तिला पाढे म्हणून दाखवत होते. आता माझा मुलगा फोनवर कुठलाही शब्द टाकतो, अर्थ लगेच येतो. मी त्याला म्हणते, छान, पण तुला काय ठाऊक नाही ते विचार की त्याला. तो म्हणतो, आई, तू जेव.

शुक्रवारी पुष्कळ न आलेले सापडले. कोऱ्या चिठ्ठ्या संपत आल्या. शेवटी जन्माच्या वाघरीपाशी ती बसली. तिथं गर्दी होती: जुळ्या कोकरांना शब्द, आई मेलेल्या कोकराला शब्द, स्वतःचं कोकरू ढकलून देणाऱ्या मेंढीला शब्द. मी सगळं वाचलं. ती म्हणाली, "एक कमी हाय."

"कोण?"

"दुसरीचं पाजती ती."

"तिला काय म्हणतात?"

"काय न्हाय म्हनत."

"मग कमी कशी, आत्या? शब्दच नाही तर?"

"ती हाय की. हरेक खांडीत एखादी असती. नाव न्हाय म्हणून वाघरीभाईर ठिवायची व्हय तिला?"

मी कंटाळले होते, वाद घातला नाही. शब्दाची जागा कोरी सोडली, खाली अर्थ लिहिला: दुसरीचं कोकरू पाजणारी मेंढी. बोलणाऱ्याचं नाव लिहिलं, बायडाबाई, सणसर. नेमानं अर्थ वाचून दाखवला. ती 'व्हय' म्हणाली. मला काही कळलं नाही. मी बारावी नापास होते.

शनिवारी दुपारी अण्णा पहिली पाळी करून आले आणि उंबऱ्यातच थांबले. पाय टाकायला जागा नव्हती. मी एका दमात सगळं सांगितलं, रंजीच्या मशीनपासून. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांनी चपला काढल्या, जागा बघत आत आले आणि आजाराच्या वाघरीपाशी बसले. चिठ्ठ्या उचलून वाचू लागले. माझ्या अक्षरातली पहिली चिठ्ठी आली तिथं थबकले. मग दुसरी. मग उठून दुसऱ्या वाघरीकडं. शेवटी ते म्हणाले, "आक्का, हे तू कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी इचारलंस?"

अण्णा दोन तालुके फिरले, परक्या बिऱ्हाडांवर चहा पीत बसले, आणि जिच्या हातचं रोज जेवत होते तिला एक शब्द विचारला नाही. बहिणीचे शब्द ते आपलेच, आपल्याला येतातच, असं धरून चालले. पण खांडीत पुरुष मेंढरांमागं चालत, आणि कोकरं, आजारी मेंढ्या, बाळंतपणं मागं बिऱ्हाडावर बायकांकडं राहत. अर्धा कोश चुलीपाशी होता. अण्णांनी जन्माची वाघूर सगळ्यांत शेवटी वाचली. ती कोरी चिठ्ठी त्यांच्या हातात किती वेळ होती ते मला आठवतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आत्याकडं, आणि ती परत होती तिथं ठेवली. मग उठले आणि म्हणाले, "अशाच बांधा."

मी म्हटलं, अण्णा, अट आहे. रात्रभर बसू, जमेल तेवढं क-ख-ग करू. ते म्हणाले, "मग ही कोरी जागा कुठं नेऊ?"

रविवारी आम्ही दोघं एसटीनं बारामतीला गेलो. आत्या आली नाही. तिथं सगळ्यांना वाचता येतं, माझं काय काम, म्हणाली, आणि संपादकांसाठी शेंगोळ्यांचा डबा दिला. वाचनालयातल्या मागच्या खोलीत ते भेटले. किरकोळ अंगाचे, मृदू बोलणारे, हातात पेन्सिल. पहिला गठ्ठा सोडला आणि भुवया वर गेल्या. अण्णांनी काहीच लपवलं नाही. कुणी, कसं लावलं ते सांगितलं. संपादक म्हणाले की अहो, एवढंच तर मागितलं होतं. मला वाटलं संपलं. पण ते सवयीनं वाचू लागले, आणि एका चिठ्ठीला दुसरी लागून होती, दुसरीला तिसरी, आणि त्यांची पेन्सिल टेबलावर कधी गेली ते त्यांनाही कळलं नाही. दोन वेळा चहा आला आणि गार झाला. जन्माच्या गठ्ठ्यात ते एका चिठ्ठीवर थांबले. उलटसुलट करून बघितली. मागं फक्त 'बैलगाडी' छापलेलं.

"इथं शब्द लिहायचा राहिला तुमचा."

"राहिला नाही, साहेब," अण्णा म्हणाले. "ठेवलाय."

त्यांनी पुन्हा अर्थ वाचला, खालचं नाव वाचलं. म्हणाले, "पण अकारविल्ह्यात हिला मी घालू कुठं?"

"म्हणून तर आणलं नाही अकारविल्ह्यानं."

त्यांनी चिठ्ठी होती तिथंच परत ठेवली. मग पेन्सिल उचलून त्यांनी पहिल्या गठ्ठ्यावर '१' असा आकडा घातला.

कोश छापून आला तो दोन भागांत. पुढं आत्याच्या वाघरी, मागं अकारविल्ह्याची सूची, ज्यांना शब्द ठाऊक असतो त्यांच्यासाठी. छापखान्यानं मुद्रितात ती कोरी जागा तीनदा बुजवली. एकदा ओळच गाळली, एकदा 'मेंढी' असं छापलं, एकदा प्रश्नचिन्ह टाकलं. अण्णांनी तिन्ही वेळा लाल शाईनं जागा मोकळी केली. आज ते पुस्तक फारसं कुणाकडं नाही. माझ्याकडं आहे, लोणच्याच्या बरणीशेजारी, आठवं.

पहिली प्रत आली त्या दुपारी आत्यानं भाकऱ्या करता करता मला ताट वाढून चुलीसमोर बसवलं आणि जन्माची वाघूर वाचायला लावली. डोळे मिटून, तोंडाशी उभं राहिल्यासारखी ऐकली आणि म्हणाली, "आल्या समद्या." मी पुढं वाचणार, तेवढ्यात ती कोरी जागा परत डोळ्यांसमोर आली आणि या वेळी मला कुणी काही सांगावं लागलं नाही. मी त्या जागेवर बोट ठेवलं. विचारलं, "आत्या, ही कोण?"

तिनं तव्यावरची भाकर उलटली.

"खा आधी. गार हुतीया."